खोकला नसलेलं गिऱ्हाईक

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. चांगल्या हेतूनं वागले, एका मुलीचं आयुष्य वाचवलं, असं नंतर लोक माझ्याबद्दल बोलले. तसं काही नव्हतं. मला एका माणसाला भर बाजारात, चारचौघांसमोर हात जोडताना बघायचं होतं. ते मी बघितलं.

आमचं गाव निरवांगी, इंदापूर तालुक्यातलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बाकी सगळा गाव गुरुजी म्हणायचा. आमच्या बौद्ध वस्तीतून बारामतीच्या कॉलेजात सायन्सला जाणारा माझा दादा पहिलाच. तो निघाला त्या सकाळी विहारात सगळे जमले, वंदना झाली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "साहेब होऊनच ये रं," असं प्रत्येकानं सांगितलं. अण्णांनी त्याची पत्र्याची ट्रंक सायकलच्या कॅरेजला बांधली आणि एसटीच्या थांब्यापर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. नापास झालास तरी चालेल, घरी ये, असं त्याला कुणीच म्हणालं नाही. आमच्याकडं ते वाक्यच नव्हतं.

होस्टेलात त्याला खोली मिळाली ती कालव्याकाठच्या एका बड्या बागाईतदाराच्या मुलाबरोबर. बाप तालुक्याचा पुढारी. मुलाकडं मोटरसायकल, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खोलीत सदा चार-पाच मित्रांचा राबता. दादा पहिल्या दिवाळीला घरी आला तो त्याच्याच गोष्टी सांगत. "असं बोलतो, अगं, जसं काय लहानपणापास्नं वळखतो. त्याच्या गाडीवर मागं बसून आख्खी बारामती फिरलो." आई खूश झाली. मोठ्या घरचा पोरगा आपल्या लेकाशी भावासारखा वागतो म्हणून तिनं त्याच्यासाठी करंज्यांचा वेगळा डबा भरून दिला.

दुसऱ्या वर्षी मात्र दादा घरी आला की वेगळाच वाटायचा. सारखं नाक खाजवायचा. चहात एवढी साखर घालून घ्यायचा की आई म्हणायची, हा चहा हाय का काकवी? जेवण टाळायचा आणि गुळाचा खडा तोंडात धरून भिंतीला टेकून तासन्‌तास गालातल्या गालात हसत बसायचा. "जर्नलं लिहायला जागावं लागतं," एवढंच म्हणायचा. अण्णांना वाटायचं, पोरगं अभ्यासानं शिणलंय.

मग माझी बारावी झाली. माझ्या प्रवेशाची चौकशी करायला म्हणून अण्णा मला घेऊन बारामतीला गेले आणि दादाला भेटायला आम्ही होस्टेलवर वळलो. आम्ही येणार हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं, पण आमची वाटच बघत असल्यासारखं शिपायानं आम्हाला रेक्टरांच्या खोलीत नेलं. टेबलावर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या होत्या. दादा कोपऱ्यात उभा होता. विद्यापीठाची माणसं होस्टेल तपासायला येणार होती, म्हणून आदल्या दिवशी खोल्यांची झडती झाली होती. बाटल्या दादाच्या खाटेखाली सापडल्या.

अण्णांना काही कळेना. "खोकला झालाय का त्याला?" त्यांनी विचारलं.

रेक्टर हसले. ते हसू मी विसरले नाही. "गुरुजी, तुमची मुलं हे नशेसाठी पितात. सरकारनं सवलत दिली, वसतिगृह दिलं, आणि त्याचं हे असं करता."

तुमची मुलं. खोलीत अण्णांचा एकच मुलगा उभा होता, पण त्यांनी तुमची मुलं म्हटलं.

होस्टेलच्या मागच्या गटारात तसल्या बाटल्यांचा खच पडलेला असायचा, हे मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कॉलेजसमोरचा मेडिकलवाला पोरांना त्या कागदात गुंडाळून द्यायचा. सगळ्यांना माहीत होतं. पण तपासणीआधी कुणीतरी एक सापडायला हवा होता, आणि सापडला तो असा की ज्याच्यासाठी कुणाचा फोन येणार नव्हता.

अण्णांनी हात जोडले. माझे अण्णा, ज्यांच्यापुढं अर्ध्या गावाची पोरं हात पुढं करून छड्या खात मोठी झाली, ते टेबलासमोर वाकून म्हणत होते, "साहेब, एक डाव पदरात घ्या." रेक्टरांनी दादाला काढून टाकल्याच्या कागदावर सही केली आणि पंख्याचं बटण बंद केलं. म्हणजे आता निघा.

बाहेर व्हरांड्यात तो उभा होता. पुढाऱ्याचा मुलगा. बोटात मोटरसायकलची किल्ली गरगर फिरवत. दादानं त्याच्याकडं बघितलं. मीही बघितलं. "सर, त्या बाटल्या आम्ही सगळ्यांनी मिळून प्यायल्यात," इतकंच त्यानं आत जाऊन म्हणायला हवं होतं. त्याला कुणी काढलं नसतं. त्याचा बाप येऊन चहा पिऊन गेला असता आणि मिटलं असतं. त्यानं किल्ली मुठीत धरली, मान खाली घातली, पायऱ्या उतरला आणि गाडीला किक मारली. त्याच्या गाडीचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत मी ऐकत राहिले. माझ्या मनात त्याच वेळी ठरलं.

एसटीत दादा खिडकीशी बसला. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. वालचंदनगर यायच्या आधीच त्याला जांभया सुरू झाल्या, मग नाक गळायला लागलं, मग अंगावर काटा. घरी पोचेपर्यंत तो थरथरत होता. पुढचे दिवस सांगवत नाहीत. त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं, पाय एका जागी राहत नव्हते. "आई, हाडं चरकात घातल्यागत झाल्यात गं," म्हणून तो ओरडायचा. आईनं गोधड्यांवर गोधड्या घातल्या. वस्तीत कुणी टीबी म्हणालं, कुणी बाहेरचं काही लागलंय म्हणालं. अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आत त्यांच्यानं जाववत नव्हतं.

जरा उतार पडल्यावर मी त्याला नदीच्या बाजूच्या चिंचेखाली गाठलं.

"का प्यायलास?"

"तुला न्हाय कळायचं."

"सांग तर. त्यानं पाजलं ना तुला? जबरदस्तीनं?"

"जबरदस्ती कसली?" त्यानं खालचा एक चिंचोका उचलला. मग म्हणाला, "पैल्या आठवड्यात गोलाकार बसले हुते समदे. एकच बाटली फिरत हुती. त्यानं घोट घेतला आन्‌ तशीच माझ्याकडं दिली. मी प्यालो. माझ्याकडनं परत त्याच्याकडं गेली. त्यानं तोंड पुसलं न्हाय बाटलीचं. तशीच लावली तोंडाला." तो हसला. "आपल्या गावात हाटेलात आपल्या बापाची कपबशी कुठं ठेवत्यात, म्हाईत हाय न्हवं तुला? पत्र्याच्या वळचनीला. आन्‌ हितं एवढ्या मोठ्या घरचं पोरगं माझं उष्टं पीत हुतं. मला न्हाय म्हनवलं न्हाय गं. पुढं परीक्षा आली, भ्या वाटायला लागलं, तर बाटली हुतीच. पन सुरुवात तिथनं झाली."

माझा राग यानं कमी व्हायला हवा होता का? तो वाढला. मारून मुटकून पाजलं असतं तर मी त्याला गुंड म्हटलं असतं आणि विसरले असते. माझ्या भावाला ज्याची जन्मापासून भूक होती तेच त्यानं पुढं केलं, त्यातून विष दिलं, आणि वेळ आली तेव्हा किक मारून निघून गेला.

अण्णांच्या मनात मला डी.एड.ला घालायचं होतं. मी म्हटलं, मला औषधांचं शिकायचंय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कारण विचारलं नाही. डी.फार्म.ला बसले तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी मी त्या बाटलीत काय असतं ते वाचून काढलं. अफूपासून निघणारा एक पदार्थ. दादाच्या जांभया, नाक, काटा, सगळं पुस्तकात ओळीनं छापलेलं होतं. आम्ही गोधड्या घालत होतो.

तोवर दादा दोनदा सुटून दोनदा पुन्हा अडकला होता. शेवटी अण्णा त्याला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं तो राहिला, आला, घसरला, परत गेला, आणि हळूहळू उभा राहिला. डिग्री गेली ती गेलीच. बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात त्याला काम लागलं. तिथं खोली करून राहायला लागला.

मला इंदापुरात एका मेडिकलमध्ये नोकरी मिळाली. मालक वयस्कर, जुन्या वळणाचा. पोरगी काउंटरवर म्हणून आधी कुरकुरला, पण मी चोख होते. तसल्या बाटल्या मी आतल्या फडताळात वर ठेवल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एकही द्यायची नाही असं मालकाकडून कबूल करून घेतलं.

आणि एक दिवस तो आला.

गाडी तीच नव्हती, पण किल्ली तशीच बोटात. अंग सुटलेलं, डोळ्यांवर काळा गॉगल. "खोकल्याचं औषध द्या," म्हणाला आणि कंपनीचं नाव सांगितलं. खोकला त्याला नव्हता. नाक खाजवत होता. गॉगल काढला तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी त्याला ओळखलं. त्यानं मला नाही. व्हरांड्यातली दोन वेण्यांची पोरगी त्यानं कशाला लक्षात ठेवली असेल?

बारामतीच्या दुकानदारांना त्याच्या बापानं दम भरला होता, म्हणून तो इतक्या लांब यायचा, हे मला मागाहून समजलं. त्या क्षणी मला एकच सुचलं. याला बाटल्या देत राहावं. मागेल तितक्या. मग वाटलं, त्यानं त्याचं भलंच होईल, त्याला बरं वाटेल. मी गोड आवाजात म्हटलं, "संपलंय. परवा माल येतोय, परवा या."

परवा तो आला. "अजून नाही आलं हो. सोमवारी बघा."

सोमवारी आला. दुकानासमोरच्या उन्हात गाडीला टेकून उभा राहिला, कारण मी म्हटलं होतं की टेम्पो येईलच आता. मी आतून बघत होते. तो जांभया देत होता. शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. मी सावकाश गोळ्यांचे डबे लावत होते. टेम्पो आला नाही, कारण टेम्पो नव्हताच. इतकं समाधान मला परीक्षेच्या निकालानंही दिलं नव्हतं.

आमचं एक कायमचं गिऱ्हाईक होतं, तालुक्यातले एक बागाईतदार तात्या. दर बाजाराच्या दिवशी बायकोला घेऊन यायचे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायचे, स्टुलावर बसून पाणी प्यायचे. त्यांनी एकदा हौसेनं पेढे आणले. लेकीचं जमलं होतं. "बारामतीकडचं तालेवार घरानं हाय. पोरगा ग्रॅज्युएट. सुपारीच्या खांडाचं बी व्यसन न्हाय." घराणं कुठलं ते त्यांनी सांगितलं. कालव्याकाठचं, त्याचंच. मी पेढा तोंडात ठेवला आणि गिळायला विसरले.

मी त्याच वेळी त्यांना सांगू शकले असते. कोपऱ्यात बोलावून, हळू आवाजात. चांगली बाई तसंच वागली असती. मला ते पुरेसं नव्हतं.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी म्हटलं, "बाजाराच्या दिवशी अकराला या. तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते." त्याचे डोळे भरून आले. "लई उपकार होतील, ताई," म्हणाला.

बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तात्या नेहमीसारखे स्टुलावर बसले होते, शेजारी त्यांची बायको पिशवी सांभाळत. तो गर्दीतून वाट काढत थेट काउंटरवर आला. त्याला दुसरं काहीच दिसत नव्हतं. मी फडताळातून बाटली काढली आणि काचेवर उभी ठेवली. मोठ्यानं विचारलं, "कुणाला खोकला झालाय?"

"मला."

"खोकून दाखवा."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तो हळू आवाजात म्हणाला, "द्या की, ताई."

"चिठ्ठी कुठाय डॉक्टरांची?"

"तुमी तर म्हनला हुता…"

"चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नशेसाठी पितात लोक हे. तुम्ही रोज किती पिता?"

मागची माणसं माना उंच करून बघायला लागली. त्याच्या कपाळावर घाम होता. आणि मग त्यानं हात जोडले. दोन्ही हात, छातीशी. "पाया पडतो. आजच्या दिवस द्या."

तात्या उठून उभे राहिले. "जावईबापू?" ते इतकं हळू म्हणाले की त्यांच्या बायकोनंच आधी मागं वळून बघितलं.

तो वळला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी मनसोक्त बघितलं. मग बाटली उचलून परत फडताळात ठेवली आणि म्हटलं, "मी निरवांगीच्या गुरुजींची मुलगी. तुमच्या खोलीत होता ना एक जण, त्याची बहीण."

मला वाटलं तो शिवी देईल. तो काउंटरला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "कसा हाय त्यो?"

इतक्या वर्षांनी. "तुला काय करायचंय?" मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "तेव्हा इचारायचं हुतंस!" एवढी शिकून मी दुकानात कायम शुद्ध बोलायची, पण ते वाक्य वस्तीच्या तोंडानं बाहेर पडलं. तो गर्दीतून गेला. तात्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत.

सोयरीक मोडली. त्याच्या बापाची माणसं मालकाकडं जीप घेऊन आली. मालक दुसऱ्या दिवशी माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरी, तू खरं केलंस, पन मला दुकान चालवायचंय." मी डबा उचलला आणि घरी आले.

घरी सगळं सांगितलं. आई घाबरली. अण्णा जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला. "हात जोडले त्यानं?"

"व्हय."

"समद्यांफुडं?"

"समद्यांफुडं, अण्णा."

जेवण झाल्यावर ते अंगणात बाजेवर बसले आणि मला हाक मारून म्हणाले, "ते पुन्ना सांग बरं, पैल्यापास्नं." मी सांगितलं. माझे शांत, पापभीरू वडील मान हलवत ऐकत होते. हात कसे जोडले होते ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं.

दादा मात्र माझ्याशी बोलेना. त्यानं रजा टाकली, कालव्याकाठच्या त्या घरी गेला, आणि त्या माणसाला एसटीत घालून पुण्याच्या त्याच दवाखान्यात घेऊन गेला. वॉर्ड त्याच्या ओळखीचा होता, नर्सा ओळखीच्या. आठवडाभर त्याच्या उशाशी बसला. आठ दिवसांनी बापाची गाडी आली आणि पोराला घरी घेऊन गेली, कारण तसल्या वॉर्डात राहणं घराण्याला शोभत नव्हतं. पुढं त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. बरा झाला असेल तर ते मला ऐकायचं नव्हतं.

पुढं मला बारामतीतच दुसऱ्या मेडिकलमध्ये काम मिळालं. एका दुपारी मी भाकरीचा डबा घेऊन दादाच्या कारखान्याच्या फाटकाशी गेले. पाळी बदलायची वेळ होती, मोटरसायकली येत होत्या. आम्ही लिंबाखाली बसलो. तो जेवला. जेवता जेवता बोलायला लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं. मला राहवलं नाही.

"तुला राग कसा येत न्हाय रं?"

"येतो की."

"मग त्याला उचलून दवाखान्यात कशाला नेलंस?"

"तुला ज्याच्यावर येतो त्याच्यावर न्हाय येत मला." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मेसमंदी पैल्या दिवशी मी ताट घिऊन एका टेबलावर जाऊन बसलो. चौघं बसले हुते. कुनी काय बोललं न्हाय. शिवी न्हाय, काय न्हाय. नुसती आपापली ताटं उचलली आन्‌ दुसऱ्या टेबलाला गेली. अर्धं जेवान तसंच ठेवून बी न्हाय, नीट उचलून. त्यानंतर मी वर खोलीत आलो, तर ही पोरं बाटली घिऊन बसलेली."

"कोण हुते ते चौघं?"

"म्हाईत न्हाय. नावं बी म्हाईत न्हाईत. चेहरे बी आता ध्यानात न्हाईत. चांगली पोरं हुती, अभ्यासू. पास होऊन गेली समदी."

भोंगा झाला. त्यानं हात धुतले, डबा माझ्याकडं दिला आणि आत गेला.

तेव्हापासून काउंटरवर माझ्या भावाच्या वयाचा, नीटनेटका, खिशाला पेन लावलेला माणूस आला की मी औषध काढता काढता त्याच्या तोंडाकडं बघत राहते. कुणी मुलाच्या तापाचं औषध मागतो, कुणी आईच्या साखरेच्या गोळ्या. मी देते. पिशवी पुढं करते, आणि तो ती माझ्या हातातून घेतो की मी काचेवर ठेवायची वाट बघतो, ते बघते.